वैयावृत्त्य आणि व्यवस्थापन : लोमा लिंडा येथील परिचर्या शिक्षण

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा आभ्यंतर तपे सांगितली आहेत. त्यांत वैयावृत्त्य हे तिसरे. ज्या दहा जणांचे वैयावृत्त्य करावयाचे त्यांत ‘ग्लान’, म्हणजे रोगाने पीडित साधूचाही समावेश आहे. चार दानांत औषधदानाला मानाचे स्थान आहे. रुग्णसेवेची इतकी थोरवी सांगणाऱ्या समाजात घरची मुलगी परिचारिका होऊ इच्छिते असे कळले, की मात्र दिवाणखान्यात शांतता पसरते. सेवा पूज्य आणि सेविका मात्र परक्या घरची, हा हिशेब कोठेतरी चुकतो.

एका बाजारपेठेच्या गावातील अडत व्यापाऱ्याच्या घरी हा प्रश्न अलीकडे उभा राहिला. मुलीने बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केले, दोन वर्षे रुग्णालयात काम केले आणि आता तिला एम.एस्सी. करावयाचे होते. वडील म्हणाले, “चार वर्षे शिकलीस, नोकरीही केलीस. पुन्हा दोन वर्षे कशासाठी? शेवटी काम तेच ना?” मुलगी शांतपणे म्हणाली, “अण्णा, आपल्या दुकानात हमाल, दिवाणजी आणि तुम्ही, तिघेही मालच हाताळता. तिघांचे काम एकच का?” त्या दिवशी विषय तेथेच थांबला.

मुलीच्या या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकेतील एका ख्रिस्ती विद्यापीठाचे उदाहरण उपयोगी पडते. कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर लोमा लिंडा नावाचे छोटे शहर आहे. स्पॅनिश भाषेत या नावाचा अर्थ सुंदर टेकडी. तेथील विद्यापीठ सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे आहे. हा पंथ मद्य व तंबाखू वर्ज्य मानतो आणि शाकाहाराचा पुरस्कार करतो. सर्वच अनुयायी शाकाहारी असतात असे नाही, आणि त्यांच्या शाकाहारात अंडी व कंदमुळेही बसतात. आपल्या व्याख्येत तो पूर्णपणे बसणारा नाही. तरीही आहार आणि संयम यांना धर्माचे अंग मानणारा हा समाज जैन वाचकाला अगदी परका वाटू नये. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत ते नित्याचे व्यवहार बंद ठेवतात. पुण्यात औंध येथे असलेले स्पायसर विद्यापीठ याच पंथाचे.

या संस्थेच्या जन्माची कथा व्यापारी मनाला रुचेल अशी आहे. तेथील टेकडीवर एक डबघाईस आलेले हॉटेल होते. 1905 मध्ये पंथाच्या एक संस्थापिका एलेन व्हाइट यांच्या आग्रहावरून पाद्री जॉन बर्डन यांनी ती मालमत्ता 40,000 डॉलरला घेण्याचे ठरवले. पंथाच्या तिजोरीत पैसा नव्हता. बर्डन यांनी 1,000 डॉलर इसारा देऊन व्यवहार बांधला. 5,000 डॉलरचा हप्ता भरण्याची मुदत संपत आली असता दूरच्या एका दात्याचा नेमक्या तेवढ्याच रकमेचा ड्राफ्ट टपालाने आला, असे त्या संस्थेत आजही सांगितले जाते. त्याच वर्षी तेथे परिचर्या विद्यालय सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालय त्यानंतर, 1909 मध्ये आले. हा क्रम विचार करण्यासारखा आहे. आपल्याकडे आधी इमारत, मग यंत्रे, मग डॉक्टर, आणि परिचारिकांचा विचार सर्वांत शेवटी होतो. 1961 मध्ये या संस्थेचे नामकरण लोमा लिंडा विद्यापीठ असे झाले.

तेथे पदवीनंतर परिचर्येत पदव्युत्तर पदवी व पुढे डॉक्टरेटपर्यंत शिक्षणाची सोय आहे. या शिक्षणाचा रोख इंजेक्शन देण्याच्या कौशल्यावर नसतो. ते पदवीतच आलेले असते. येथे विद्यार्थिनी विभाग चालवण्यास शिकते. कोणत्या पाळीत किती परिचारिका हव्यात, अंदाजपत्रक कसे मांडावे, औषध देताना झालेली चूक लपवण्याऐवजी नोंदवली जाईल असे वातावरण कसे निर्माण करावे, संसर्ग कोठून पसरतो हे आकड्यांवरून कसे ओळखावे, नव्या परिचारिकांना कसे शिकवावे, हे सारे त्यात येते. एखाद्या अनुभवी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष विभागात कामही करावे लागते. यांखेरीज धर्म व नीती हा विषय अभ्यासक्रमाचा भाग असतो. मरणासन्न रुग्णाशी काय बोलावे आणि कोठे गप्प राहावे, हा प्रश्न तेथे व्यवस्थापनाइतकाच गंभीर मानला जातो. अन्य धर्मांच्या विद्यार्थ्यांनाही तेथे प्रवेश मिळतो.

इतक्या शिक्षणाने रुग्णाच्या पदरात काय पडते, असा रोकडा प्रश्न व्यापारी माणूस विचारणारच, आणि तो विचारलाच पाहिजे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्राध्यापिका लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या राज्यातील 168 रुग्णालयांतील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. 2002 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याच्या शक्यतेत 7 टक्के वाढ आढळते. 2003 मध्ये त्यांनी दाखवले, की रुग्णालयातील पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 10 टक्क्यांनी वाढले तर हीच शक्यता 5 टक्क्यांनी कमी आढळते. परिचारिकांची संख्या आणि त्यांचे शिक्षण यांचा रुग्णाच्या जगण्याशी असा थेट संबंध आहे. 2010 मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने परिचर्येच्या भवितव्याविषयीच्या अहवालात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 80 टक्क्यांवर न्यावे आणि डॉक्टरेट मिळवलेल्यांची संख्या दुप्पट करावी, अशी शिफारस केली होती.

भारतातही ही वाट नवी नाही. 1946 मध्ये दिल्लीत आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर महाविद्यालयात 1959 पासून पदव्युत्तर शिक्षणही मिळू लागले. वेल्लोरला उपचारासाठी जाऊन आलेली कुटुंबे आपल्या समाजात थोडी नाहीत. तेथील डॉक्टरांची स्तुती करतानाच ती तेथील शिस्तीविषयीही आदराने बोलतात. त्या शिस्तीमागे शिकलेल्या परिचारिकांच्या पिढ्या आहेत.

आता पुन्हा त्या अडत व्यापाऱ्याच्या घराकडे वळू. वर्षापूर्वी घरातील आजींचा खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली. परंतु सहाव्या दिवशी त्यांच्या पाठीवर शय्याव्रण दिसले आणि ते भरून येण्यास तीन महिने लागले. रात्रपाळीत परिचारिका एक आणि रुग्ण अनेक. कोणाला केव्हा कुशीवर वळवायचे, याचा तक्ता कोणीच ठेवलेला नव्हता. चर्चेचा विषय पुन्हा निघाला तेव्हा आजी म्हणाल्या, “त्या पोरी वाईट नव्हत्या रे. मायेने बोलायच्या. पण त्यांना नीट लावून देणारं कुणी नव्हतं. ही जर ते शिकणार असेल, तर शिकू दे तिला.” वडिलांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मुलीकडे प्रवेशअर्जाची चौकशी केली.

हे गृहस्थ एका धर्मादाय रुग्णालयाचे विश्वस्तही आहेत. पुढील सभेत नव्या यंत्राच्या खरेदीचा विषय होता. त्यांनी तीन प्रश्न विचारले : रात्री एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, मुख्य परिचारिकेचे शिक्षण किती, आणि अंदाजपत्रक ठरवताना तिला बैठकीस बोलावले जाते का. तिन्ही प्रश्नांची उत्तरे सभेत कोणापाशीही नव्हती. यंत्राची खरेदी मंजूर झाली. पण पुढील बैठकीस मुख्य परिचारिकेला बोलावण्याचेही ठरले.

समाजाच्या विश्वस्त संस्थांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. इमारतीच्या प्रत्येक दालनावर दात्याच्या नावाची पाटी लागते. त्याच निधीतील लहानसा भाग परिचारिकांच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीसाठी बाजूला काढता येईल. शिक्षणानंतर काही वर्षे त्याच रुग्णालयात सेवा करण्याची अट घालता येईल. मात्र ती पाळली जावी असे वाटत असेल, तर परत येणाऱ्या मुलीला योग्य वेतन आणि निर्णयाचा अधिकारही द्यावा लागेल. शिष्यवृत्ती कोणत्याही जातिधर्माच्या परिचारिकेसाठी खुली असावी, कारण रुग्णाला वळवणारे हात कोणत्या धर्माचे आहेत, हे व्रण विचारत नाही.

इमारतीवर आणि यंत्रांवर दरवर्षी घसारा लागतो, हे प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. शिकलेली परिचारिका दरवर्षी दहा नव्या मुलींना तयार करते, आणि ही जमा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. औषधदान करणाऱ्यांनी औषध वेळेवर आणि योग्य रुग्णापर्यंत पोहोचवणाऱ्या व्यक्तीचाही विचार करावा. वैयावृत्त्याला तप म्हटले आहे, आणि तपाला अभ्यास लागतोच.