धुरी दिलेली दीडशे वर्षं

मुंबईतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला मोखाडा नाशिककडं की डहाणूकडं हे धड सांगता येत नाही. पण तिथल्या बोहाड्यात, म्हणजे देवांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवात, घालायचा मुखवटा किती वर्षांचा, हे तो छातीठोकपणे सांगतो. दीडशे. एकशे तीस म्हणालेला अजून मला भेटायचाय. गिऱ्हाईक परदेशी दिसलं तर दोनशे.

जर्मन लष्करी पदकं जमवणारे निदान लोहचुंबक तरी बाळगतात. 1914च्या ‘आयर्न क्रॉस’चा गाभा सहसा लोखंडाचा आणि कड चांदीची, त्यामुळं चुंबक चिकटला नाही की त्यांच्या कपाळाला आठी पडते. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या मुखवट्यांचे संग्राहक मात्र नुसतं ‘पॅटिना’, म्हणजे जुनेपणाची झाक, म्हणतात आणि पाकीट काढतात.

पॅटिना म्हणे! बोहाड्यात देव कळकट दिसून कसं चालेल? उत्सव जवळ आला की सोंगं नव्यानं रंगवतात. संबळाच्या ठेक्यावर, टेंभ्यांच्या उजेडात रात्रभर नाचायचं असतं. पापुद्रे सुटलेला गणपती कोण पुढं काढेल? म्हणून नाचातला खरा जुना मुखवटा पुष्कळदा ऑइलपेंटनं चकचकतो, आणि शहरी रसिक नाक मुरडतो. त्याला भेगाळलेला, काळवंडलेला, किडका हवा. मग तसा बनतो. नवं लाकूड, चुलीचा धूर, वरून बुटाचं पॉलिश. किडीची भोकं ड्रिलनं पाडलेली, सगळी सरळ, एका मापाची.

पाहायचंच असेल तर मुखवटा उलटा करा. नाचणाऱ्याचं कपाळ टेकतं तिथं लाकूड गुळगुळीत होतं, घामानं काळपट पडतं. दोरीच्या भोकांची कड झिजते, तीही ताण येतो त्याच बाजूला. टवका उडालेल्या जागी वर लाल, खाली पिवळा, त्याखाली निळा असे थर दिसतात. मला एकदा ‘दीडशे वर्षांचा’ नरसिंह दाखवला. ना डोळे आरपार कोरलेले, ना नाकपुड्या. तो घालून नाचणारा थेट विहिरीतच गेला असता. आतली बाजूही बाहेरइतकीच काळी. धुरी देणाऱ्यानं कामात कसूर केली नव्हती.

आणि समजा, खरा निघाला. मग तर जास्तच लाज वाटायला हवी. बऱ्याच गावांत सोंगाचा मान घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालतो. मुखवटा एकट्याचा विकाऊ माल नसतो. कुणाच्या कुठल्या अडचणीत, किती नोटा टेकवून तो उचलला, हे विचारायला एकही संग्राहक इकडं फिरकत नाही. 1992-93 साली वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली तेव्हा कुठं या भागाचं नाव मुंबईच्या कानावर गेलं. इथं अडचण शोधायला जावं लागत नाही.

1972चा पुराणवस्तू व कलानिधी कायदा अशा 100 वर्षं जुन्या वस्तूला पुराणवस्तू मानतो. ती विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. दुकानदाराला हे तोंडपाठ आहे. म्हणून तोंडानं दीडशे वर्षं आणि बिलावर ‘लाकडी शोभेची वस्तू’. परदेशी पाहुण्याला तर तो वर दिलासाही देतो, काळजी नको, पुराणवस्तू नसल्याचा दाखला काढून देतो. पाहुणा खूश होतो आणि एकाच पिशवीत दोन्ही घेऊन जातो: दीडशे वर्षं, आणि ती नसल्याचा दाखला.