संगणकाचा वेग वाढवावा काय ?

अलीकडे बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांत पुष्कळ घरीं संगणक आला आहे. उसाचें बिल हातीं पडलें, कीं मुलाच्या आग्रहास्तव वडिलांनीं तो पुण्याहून आणावा, आणि महिना लोटतो न लोटतो तोंच, ‘याचा वेग आणखी वाढवितां येतो,’ असें चिरंजीवांनीं म्हणावें, हा अनुभव कित्येक पालकांस आला असेल. या क्रियेस ओव्हरक्लॉकिंग असें म्हणतात. ती मुलास करूं द्यावी कीं नाहीं, या प्रश्नाचें आम्हांस सुचलेलें उत्तर वाचकांपुढें ठेवण्याचें येथें योजिलें आहे.

हा नाद निव्वळ वेडेपणाचा नाहीं, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. प्रोसेसर एका नेमलेल्या तालावर काम करितो. विकला जाणारा प्रत्येक नग कोणत्याही हवेंत बिनचूक चालावा, म्हणून कारखानदार त्याचा वेग थोडा हात राखूनच नेमतो. ही राखीव शिल्लक उपयोगांत आणणें, एवढाच ओव्हरक्लॉकिंगचा अर्थ. इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३०० ए हा प्रोसेसर १९९८ सालीं निघाला. त्याचा नेमलेला वेग सेकंदास ३० कोटी ठोक्यांचा होता. परंतु मदरबोर्डाचा मूळ ताल ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला असतां त्यांतील पुष्कळ नग ४५ कोटी ठोक्यांवर सुखानें चालत. अशी दीडपट प्राप्ति पाहून तरुणांस मोह पडावा, यांत नवल नाहीं.

परंतु शिल्लक कितीही असली तरी तिला अंत असतो. वेग १० टक्के वाढविला, आणि त्यासाठीं विजेचा दाबही १० टक्के वाढवावा लागला, तर काम करितांना होणारी उष्णता सुमारें ३३ टक्के वाढते. कारण दाबाचा वर्ग करून त्यास वेगानें गुणावें लागतें. शिवाय आजचे प्रोसेसर कामाची गरज व तापमान पाहून आपला वेग आपणच वाढवितात. इंटेलनें ही सोय २००८ सालीं टर्बो बूस्ट या नांवानें आणिली. त्यामुळें हातानें वाढविण्याजोगी शिल्लक आतां थोडीच उरली आहे.

रॅमचें प्रकरण याहून नाजूक आहे. तिच्या पट्टीवर १६-१८-१८-३६ असे आंकडे छापलेले असतात. माहिती मागितल्यापासून ती हातीं येईपर्यंत निरनिराळ्या पायऱ्यांवर किती ठोके थांबावयाचें, त्याचा तो हिशेब होय. मोठा आंकडा म्हणजे मोठा लाभ, असा येथें नियम नाहीं. ३२०० वेगाची रॅम १६ ठोके थांबते व ३६०० वेगाची १८ ठोके थांबते. पण पहिली माहिती येण्यास दोघींनाही सारखाच काळ लागतो, म्हणजे सेकंदाचे दहा कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग. बारामतीचे कविवर्य मोरोपंत यांच्या आर्येंत एक मात्रा कमी पडली, तर जाणत्याचा कान तत्काळ सांगतो. रॅमच्या मात्रा चुकल्या, तर कित्येकदां कोणीच सांगत नाहीं, आणि खरा धोका येथेंच आहे.

आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्यानें डिसेंबरांत रॅमचा वेग वाढविला. संगणक उत्तम चालूं लागला. एप्रिलांत बहिणीचें लग्न झालें, तेव्हां त्यानें सर्व छायाचित्रें संगणकावर उतरून घेतलीं व कॅमेऱ्याचें कार्ड पुसून परत दिलें. पुढें पाहतां, कांहीं चित्रें अर्धीं करडीं निघालीं व कांहीं उघडलींच नाहींत. संगणक मात्र एकदांही बंद पडला नव्हता. भर दुपारीं रॅमची तपासणी केली, तेव्हां चुकांची रांग लागली. कारण उघड आहे. रॅमच्या सूक्ष्म पेशींत सांठविलेला विजेचा भार सारखा गळत असतो, व तो दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत पुन्हां भरावा लागतो. उष्णता वाढली कीं गळतीही वाढते. आमच्याकडील थंडींत उतरलेली परीक्षा ४० अंशांच्या उन्हाळ्यांत उतरेलच, असें नाहीं.

तेव्हां आमचें मत असें, कीं मुलास मना करूं नये, पण शिस्तीवांचून परवानगीही देऊं नये. महत्त्वाच्या सर्व फायलींची प्रत आधीं दुसऱ्या डिस्कवर असावी. हमीपत्र नीट वाचावें; वेग वाढविल्यानें हमी जाऊं शकते. बायोसमध्यें एका वेळीं एकच आंकडा बदलावा, व तो तारखेसह वहींत लिहावा. नंतर मेमटेस्ट८६ ही तपासणी रात्रभर आणि प्राइम९५ ही कांहीं तास चालवावी. एक चूक निघाली, तरी ती मांडणी नापास समजून एक पायरी मागें यावें. मे महिन्यांतील दुपारीं हीच परीक्षा पुन्हां घ्यावी. रॅमच्या कारखानदारानें एक्सएमपी या नांवानें भरून दिलेली मांडणीही आपल्या मदरबोर्डावर तपासल्याशिवाय खरी मानूं नये.

आणखी एक गोष्ट. वेग मिळविण्याचा हा एकच मार्ग नव्हे. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तो एकाच प्रोसेसरला पिटाळून नव्हे, तर अनेक प्रोसेसर एकत्र जोडून. घरच्या संगणकांतही रॅमची दुसरी पट्टी घालणें, किंवा जुन्या हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी बसविणें, हें बहुधा अधिक फलदायी ठरतें.

विद्यार्थिमित्रहो, या उद्योगांत धीर धरण्याची व स्वतःचें काम स्वतःच तपासण्याची जी संवय लागेल, ती वाढलेल्या वेगाहून अधिक काळ तुमच्या उपयोगीं पडेल. आणि पालकांस आमची एवढीच विनंती, कीं वेग किती वाढला, असें मुलास विचारूं नये. ‘तपासणीची वही दाखव,’ असें म्हणावें.