परतीची विद्या

संगणकावरील युद्धक्रीडांविषयीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत सध्यां दोन पक्ष पडलेले दिसतात. पहिल्या पक्षाचें म्हणणें असें कीं, या खेळांनीं मुलें आळशी व हिंसक होतात, सबब ते घरांतून हद्दपार करावे. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, खेळ तो खेळ. त्यांत एवढें मनाला लावून घेण्यासारखें काय आहे? पहिला पक्ष बहुधा वडिलांचा असतो, दुसरा बहुधा मामांचा. दोघांत साम्य एवढेंच कीं, ज्या खेळावरून त्यांचें रण माजतें तो खेळ दोघांपैकीं एकानेंही धडपणें पाहिलेला नसतो.

आमचा आक्षेप या दोहोंहून निराळा आहे. युद्धाचा खेळ म्हणजे वाईट खेळ, हें मत आम्हांस मान्य नाहीं. तसें असतें तर बुद्धिबळाचा पट प्रथम जाळावा लागला असता. खेळ वाईट ठरतो तो अर्धी विद्या पुरी म्हणून शिकवूं लागला म्हणजे. आरमारी युद्धाच्या एका लोकप्रिय खेळांत, विमानवाहू जहाजाच्या बाबतींत, नेमकें हेंच घडलें आहे असें आमचें म्हणणें आहे.

‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ हा तो खेळ. इंटरनेटवर तो २०१५ सालीं सुरू झाला. दोन पक्षांचे खेळाडू आपापल्या घरीं बसून एकाच समुद्रावर लढतात आणि प्रत्येकाच्या हातीं एक जहाज असतें. जहाजांच्या पायऱ्या लावलेल्या आहेत. विमानवाहू जहाज नवशिक्याच्या हातीं प्रथम येतें तें चौथ्या पायरीवर: अमेरिकेचें ‘लँग्ले’, जपानचें ‘होशो’, ब्रिटनचें ‘हर्मीस’. या तिहींवर आम्हीं पुष्कळ तास घालविले आहेत, आणि ते कंटाळवाणे गेले असें म्हटल्यास तो खोटेपणा होईल.

खेळण्याची रीत अशी. आपलें जहाज एखाद्या बेटाच्या आडोशाला ठेवावें. एक कळ दाबली कीं विमानांचा थवा डेकवरून उठतो व खेळणारा त्या थव्याबरोबर उडूं लागतो. विमानें जुनीं व मंद. खालीं शत्रूचें जहाज वळूं लागतें. तें कोठवर वळेल याचा अंदाज बांधून पाणतीर सोडावयाचे. यांत खरें कौशल्य आहे. खालच्या पायरीवरील जहाजांची विमानविरोधी तोफ बहुधा नांवापुरती असते, त्यामुळें नवशिक्यालाही यश लवकर मिळतें. पाणतीर सुटले कीं ती तुकडी आपोआप वर चढून दृष्टीआड होते. उरलेलीं विमानें नको असतील तर आणखी एक कळ दाबावी. तींही निघून जातात. तीं कोठें उतरलीं, कशीं उतरलीं, याच्याशीं खेळणाराला कर्तव्य नसतें. कितीही वेळ उडालें तरी इंधन संपत नाहीं. पडलेल्या विमानांच्या जागीं कांहीं वेळानें नवीं विमानें आपोआप सिद्ध होतात. त्या विमानांत बसलेल्या माणसांचा हिशेब कोठेंच मांडलेला नाहीं.

आतां हें ‘लँग्ले’ मूळचें काय होतें तें पाहूं. ‘ज्युपिटर’ नांवाचें तें एक कोळशाचें जहाज. त्याच्यावर लांकडी डेक चढवून अमेरिकेच्या आरमारानें १९२२ च्या मार्चमध्यें त्याला विमानवाहू जहाज केलें. लांबी अवघी ५४२ फूट. वेग ताशीं सुमारें १५ सागरी मैल. त्याच्या मागल्या टोंकाशीं एक कबूतरखाना होता, व निरोप नेणारीं कबुतरें त्यांत पाळलीं होतीं. पुढें त्या कबूतरखान्यांत एका अधिकाऱ्याचें बिऱ्हाड झालें. अशा या सामान्य जहाजानें इतिहास घडविला तो १७ आक्टोबर १९२२ रोजीं, असें कोणी म्हणेल. कारण त्या दिवशीं ग्रिफिन या वैमानिकानें त्याच्या डेकवरून पहिलें विमान उडविलें. आमच्या मतें खरी तारीख २६ आक्टोबर ही होय. त्या दिवशीं शेव्हेलिए या वैमानिकानें चालत्या जहाजाच्या डेकवर विमान उतरविलें. पुढच्याच महिन्यांत एका विमान-अपघातांत तो मरण पावला.

उडणें सोपें आणि उतरणें कठीण, हें त्या पिढीनें रक्त सांडून जाणलें होतें. ब्रिटिश आरमारांतील डनिंग यानें २ आगस्ट १९१७ रोजीं ‘फ्यूरियस’ या चालत्या जहाजावर विमान उतरविलें. तें थांबविण्यास साधन नव्हतें, म्हणून डेकवरच्या माणसांनीं धांवत जाऊन तें हातांनीं धरिलें. पांच दिवसांनीं तोच प्रयोग पुन्हां करीत असतां डनिंग विमानासह समुद्रांत जाऊन बुडाला. ‘लँग्ले’वर डेकभर ताणलेल्या तारा, विमानाला लावलेला आंकडा आणि उतरणाऱ्या वैमानिकाला खुणा करणारा डेकवरचा माणूस, हीं सर्व सिद्ध झालीं तीं या एकाच विद्येसाठीं.

या जहाजाची दुसरी कथा तर खेळ रचणारांनीं भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. १९२५ सालीं रीव्ह्‌ज हा अधिकारी ‘लँग्ले’वरील विमानदलाचा प्रमुख म्हणून आला. तेव्हां जहाजावर सुमारें चौदा विमानें असत. तीनएक वर्षांत त्यानें ती संख्या बेचाळिसांपर्यंत नेली. आणि जहाज एक इंचभरही वाढलें नव्हतें. उतरलेलें विमान तारेंतून किती त्वरेनें सोडवावयाचें, तें पुढें ढकलून मागच्याला वाट कशी करून द्यावयाची, कोणत्या कामगारानें कोठें उभें राहावयाचें, हेंच तो माणसांकडून घड्याळ लावून घोटून घेत असे. विमानवाहू जहाजाचें बळ दोन विमानांच्या उतरण्यांमध्यें जो वेळ जातो त्यावर अवलंबून असतें, हा त्यानें लावलेला शोध होता.

आणि हें जुनें झालें असें कोणीं समजूं नये. मुंबईस २००१ पासून २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून उभ्या असलेल्या ‘विक्रांत’च्या डेकवर आमच्या पुष्कळ वाचकांनीं मुलांना नेलें असेल, समुद्रांतून जाणाऱ्या एवढ्याशा पट्टीवर विमान उतरतें तरी कसें, हाच प्रश्न तेथें मुलांच्या तोंडीं प्रथम येई. कोचीनला बांधलेल्या नव्या ‘विक्रांत’वर ६ फेब्रुवारी २०२३ रोजीं ‘तेजस’ व ‘मिग-२९ के’ हीं विमानें प्रथम आलीं, तेव्हां देशभर जी बातमी झाली ती तीं विमानें उतरल्याची. शंभर वर्षें लोटलीं तरी परीक्षेचा प्रश्न तोच राहिला आहे.

तोच प्रश्न या खेळानें परीक्षेंतून काढून टाकला. पूर्वी असें नव्हतें. २०१९ च्या जानेवारीपर्यंत या खेळांत विमानवाहू जहाजाचा खेळाडू वरून नकाशासारखा समुद्र पाहून अनेक तुकड्यांना आज्ञा देत असे. त्याचीं विमानें मोजकीं असत. गेलेलीं विमानें गेलीं. परतलेल्या तुकडीला उतरून, पुन्हां शस्त्रें भरून घेण्यास वेळ लागे. त्या महिन्यांतील फेरबदलानें खेळणाराला एका तुकडीच्या पाठीवर बसविलें, आणि मोजदाद व उतरणें हीं दोन्ही ओझीं त्याच्या अंगावरून काढून घेतलीं.

याचें समर्थन करणारे आमचे प्रतिपक्षी तीन मुद्दे मांडतात. त्यांचा विचार क्रमानें करूं.

पहिला मुद्दा: खेळांत सर्व खरें आणतां येत नाहीं, कांहीं तरी गाळावेंच लागतें. अगदीं मान्य. परंतु काय गाळावें याला विवेक हवा. बुद्धिबळानें रक्त गाळलें, घोड्यांचें खिंकाळणें गाळलें, विधवांचा आकांत गाळला. पण हानि गाळली नाहीं. मेलेलें प्यादें क्षणभर थांबून आपोआप पटावर उभें राहत नाहीं. गेलेला वजीर परत हवा असेल तर एखादें प्यादें जिवंत राखून शेवटच्या घरापर्यंत चालवीत न्यावें लागतें. हजारों वर्षांपूर्वींचा नव्हे, पण शेंकडों वर्षांचा तो खेळ आजही बुद्धीला कस लावतो, तो याच काटेकोर हिशेबामुळें.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. जुन्या रीतींत निष्णात खेळाडू नवशिक्याची धूळधाण करी, त्यामुळें विमानवाहू जहाज खेळणारेच थोडे उरले; सबब रीत सोपी करणें भाग पडलें. रोगाचें हें निदान आम्ही नाकारीत नाहीं. आमचा वाद औषधाशीं आहे. आज इतर जहाजांच्या खेळाडूंची मोठी तक्रार कोणती? एक थवा परतवावा तों दुसरा येतो. हल्ल्याला अंत नाहीं. ही तक्रार प्रत्यक्ष इतिहासांतल्या सेनापतींना करावी लागली नाहीं, कारण तेथें प्रत्येक हल्ल्यामागें परतीचा खर्च होता. विमानें उतरत असतां जहाजाला वाऱ्याकडे तोंड करून सरळ जावें लागे. त्या वेळीं नवीं विमानें उडवितां येत नसत. १९४२ च्या जूनमध्यें मिडवेजवळ जपानी सेनापति नागुमो याची कोंडी झाली तिचें एक कारण हेंच: परतणारीं विमानें आधीं उतरवून घ्यावीं, कीं हातची दुसरी फळी उडवावी? म्हणजे विमानवाहू जहाजाला आंवर घालणारा लगाम निसर्गानेंच निर्माण केला होता. खेळ रचणारांनीं तो लगाम काढून टाकला आणि मग घोडा उधळतो म्हणून नवनवे दोर वळीत बसले.

तिसरा मुद्दा मामांचा: पोरें एवढा विचार करीत नाहींत हो! खरें आहे, आणि आमची चिंता नेमकी तीच आहे. ज्या गोष्टीचा विचार केला जातो तिच्याशीं वाद घालतां येतो. जी विचार न करतां, बोटांच्या संवयीनें अंगीं मुरते, तिच्याशीं वाद कोण घालणार? चौथ्या पायरीवर पंधरासोळा वर्षांचा मुलगा शंभर लढाया खेळतो तेव्हां त्याच्या बोटांना शंभर वेळां हें शिकविलें जातें कीं, माणसें पाठविणें हें आपलें काम आणि तीं परत आणणें हें कोणाचेंच काम नाहीं. पुढें हा मुलगा युद्धावर जाईल असें आम्ही म्हणत नाहीं. तो बहुधा एखाद्या कचेरींत जाईल, दहा माणसांचा वरिष्ठ होईल, मतदान करील, आणि वर्तमानपत्रांत सीमेवरील बातमी वाचून चहा पितां पितां ‘पाठवा आणखी चार विमानें’ असें म्हणेल. तें म्हणतांना परतीचा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहील कीं नाहीं, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.

हा प्रश्न ज्यांच्या मनांत उभा राहिला त्यांचें एक उदाहरण देतों. २० जून १९४४ रोजीं फिलिपाइन समुद्रांत अमेरिकन सेनापति मिट्शर यानें दिवस मावळतीला लागला असतां दोनशेंहून अधिक विमानें अतिदूरच्या जपानी आरमारावर पाठविलीं. शत्रूच्या हातून पडलीं तीं सुमारें वीस. अंधारांत, इंधन संपत असतां परततांना गेलीं तीं सुमारें ऐंशीं. पाणबुड्यांचा धोका पत्करून मिट्शरनें त्या रात्रीं जहाजांचे दिवे लावण्याची आज्ञा दिली, आणि पाण्यांत पडलेल्यांपैकीं बहुतेक माणसें पुढें शोधून वर काढण्यांत आलीं. या उलट, त्याच वर्षींच्या आक्टोबरांत जपाननें असे वैमानिक धाडण्यास प्रारंभ केला कीं ज्यांनीं परत यावयाचेंच नव्हतें. एक सेनापति आपलीं जहाजें धोक्यांत घालून माणसें परत बोलावतो. दुसऱ्यानें परतीचा रकानाच हिशेबांतून खोडलेला असतो. आमच्या मुलांच्या हातांतील खेळ या दोहोंपैकीं कोणत्या हिशेबवहीला जवळचा आहे, हें वाचकांनींच ठरवावें.

अभिमन्यूची कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. चक्रव्यूहांत शिरण्याची विद्या त्याला होती, बाहेर पडण्याची नव्हती. व्यासांनीं ती अर्धी विद्या अर्धी म्हणूनच सांगितली, आणि तिचें मोल एका सोळा वर्षांच्या मुलाच्या प्राणांनीं मोजून दाखविलें. तीच अर्धी विद्या पुरी म्हणून विकली जात असतां आपण गप्प बसावें, हें आम्हांस पटत नाहीं.

आमची मागणी फार नाहीं. वरच्या पायऱ्यांवर निष्णातांना काय हवें तें द्यावें. परंतु चौथ्या पायरीवर, जेथें विमानवाहू जहाजाशीं मुलाची पहिली ओळख होते, तेथें विमानें मोजकीं असावींत व तीं त्याला आपल्या हातानें उतरवावीं लागावींत. ‘लँग्ले’च्या डेकवर विमान उतरविणें हा पाणतीर मारण्याहून कमी रोमांचकारी खेळ होईल, असें ज्यांना वाटतें त्यांनीं डनिंगची हकीकत पुन्हां वाचावी. आणि वडील मंडळींस विनंति अशी कीं, संगणक बंद करण्यापूर्वीं एकदां मुलाच्या शेजारीं बसावें व त्याला विचारावें: बाळ, तुझीं विमानें गेलीं खरीं, परत किती आलीं?

चौथ्या पायरीवरच्या या तीन जहाजांचें पुढें काय झालें, हेंही त्याला सांगावें. ‘लँग्ले’ २७ फेब्रुवारी १९४२ रोजीं जावाजवळ जपानी बाँबांनीं जायबंदी झालें व सोबतच्या जहाजांनींच तें बुडविलें. ‘हर्मीस’ ९ एप्रिल १९४२ रोजीं सिंहलद्वीपाच्या किनाऱ्याजवळ बुडालें; तेव्हां त्याच्यावर स्वतःचें एकही विमान नव्हतें, आणि त्याच्याबरोबर ३०७ माणसें गेलीं. ‘होशो’ तेवढें युद्धांतून वांचलें. १९४६ सालीं मोडीत निघण्यापूर्वीं त्यानें शेवटचें काम केलें तें परमुलुखांत अडकलेल्या सुमारें चाळीस हजार जपानी लोकांना घरीं आणून पोहोंचविण्याचें.