सांडलेले डिझेल धुऊन टाकू नका

सांडलेले डिझेल पाण्याच्या जोरदार माऱ्याने धुऊन टाकले की काम संपते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला मान्य नाही. मी काम करतो त्या मालवाहतूक आगारात नुकतीच पंपाची नळी फुटली आणि डिझेल फरशीवर पसरले. सफाई मी समोर उभा राहून पाहिली. कामगारांनी आधी झडप बंद केली, गाड्यांची इंजिने थांबवली, गटाराच्या तोंडाशी वाळूचा बांध घातला. मग कोरडी वाळू पसरून डिझेल शोषून घेतले आणि फावड्याने झाकणाच्या पिंपात भरले.

हीच पद्धत योग्य आहे. डिझेल पाण्यापेक्षा हलके. पाणी ओतले की ते तरंगत गटारात आणि तिथून नदी-नाल्यात जाते. पेट्रोलचा धोका त्याहून मोठा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचते आणि एका ठिणगीने भडकते. तेलकट वाळूही कचराकुंडीत टाकता येत नाही. 2016च्या घातक कचरा नियमांनुसार तिची विल्हेवाट लावावी लागते.

त्या कामगारांच्या हातांत मात्र हातमोजे नव्हते. प्रत्येक आगाराने वाळूच्या बादल्यांशेजारी हातमोजे आणि रबरी बूटही ठेवावेत, ही कळकळीची विनंती.

— एक आगार कर्मचारी, नाशिक