‘अस्सल’ बिस्किटांचा बडेजाव

यहुदी लोकांच्या पुरीम सणाच्या बिस्किटांविषयीं लिहितांना कांहीं पाकशास्त्री ‘अस्सल’ हा शब्द मोठ्या तोऱ्यानें वापरतात. ज्या त्रिकोणी ‘हामानताशेन’च्या पोटांत खसखस तीं अस्सल, बाकी सारीं भ्रष्ट, असा त्यांचा निकाल. नातवानें हट्टानें चॉकलेट भरलें तर आजीनें जणूं ओशाळावें! हा निकाल आम्हांस सर्वथैव अमान्य आहे.

ज्या नांवाच्या बळावर हा तोरा, तें नांवच मुळीं अपभ्रष्ट. ‘मोन’ म्हणजे खसखस, ‘ताशेन’ म्हणजे खिसे. एस्तेरच्या कथेंतील दुष्ट प्रधान हामान त्यांत मागाहून शिरला, असें भाषाकोविद सांगतात. हिब्रूंत तर या खिशांचे ‘हामानाचे कान’ झाले! आलुबुखाराच्या सारणाचा संबंध बोहेमियांतील एका घटनेशीं जोडतात : १७३१ सालीं डेव्हिड ब्रांडाइस या व्यापाऱ्यावर विषारी मुरंबा विकल्याचा आळ आला आणि तो निर्दोष सुटला. पुढें यीस्टनें फुगविलेल्या पिठाची जागा बेकिंग पावडरच्या खुसखुशीत पिठानें घेतली. यांत अस्सल कोणतें, हें पंडितांनींच सांगावें.

एस्तेरच्या ग्रंथांत आज्ञा आहे ती परस्परांस अन्नाचे वाटे धाडण्याची व गरिबांस दान देण्याची. सारणाचा तेथें उल्लेखही नाहीं. शास्त्रानें निदान एका स्नेह्यास दोन खाद्यपदार्थ सांगितले आहेत. बिस्किटें भाजावयाचीं तीं मुख्यतः घराबाहेर जाण्यासाठीं; म्हणून ढीग लागतो, आणि तो ढीग एकट्या बाईच्या हातून उठत नाहीं. कोणी पीठ लाटावें, धाकट्यानें पेल्याच्या कडेनें चकत्या पाडाव्या, थोरलीनें तीन कडा चिमटून मिटाव्या. सारण चमचाभरच, लोभ केला कीं भट्टींत कडा उकलतात आणि रस पत्र्यावर जळतो. पिठांत लोणी कां घातलें नाहीं, असें मुलानें विचारलें म्हणजे आईनें सांगावें कीं, सणाच्या जेवणांत मांस असेल तर दुधाचा पदार्थ चालत नाहीं. दुकानच्या पेटींतून हा पाठ कोठून मिळणार?

शिवाय अस्सलपणाचा हट्ट निरुपद्रवी नव्हे. आमच्या कोकणांतील बेने इस्राएल पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत व पुरणपोळी करीत. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य लोक इस्राएलांत गेले. तेथें १९६२ सालीं धर्माधिकाऱ्यांनीं विवाहप्रसंगीं त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा फतवा काढला. ते सर्वार्थानें यहुदी आहेत हें १९६४ मध्यें तेथील संसदेस जाहीर करावें लागलें. ज्यांच्या कुळाची अशी झडती झाली, त्यांच्या पोळीचीही आतां झडती घ्यावयाची काय? एकाच ताटांतून पुरणपोळी आणि हामानाचे कान शेजाऱ्याकडे गेले, तर दोन पदार्थांची अट तंतोतंत पुरी होते. आक्षेप कोणत्या कलमाखालीं घेणार?