ढोलकीही हवी, वहीही हवी



अहिल्यानगरजवळच्या नागापूरहून एका ताईंचे पत्र आले आहे. नाव छापू नये असे त्यांनी कळविले आहे, म्हणून छापत नाही. यजमान तिथल्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला जातात. मुलगी नववीत आहे. ती विहारात गाथा म्हणते, चित्रे काढते, जयंतीसाठी स्वतः गाणी जुळवते आणि मामाकडून ढोलकी शिकते. घरात तिचे कौतुक आहे, पण तक्रारीही तीन आहेत. वडील म्हणतात, "एकच काहीतरी धर, नाहीतर धड काहीच येणार नाही." सासूबाई म्हणतात, "पोरीच्या जातीला ढोलकी शोभत नाही." आणि वस्तीतल्या मंडळाची पोरे म्हणतात, "यंदा डीजे आणणार आहोत, तुझी ढोलकी ऐकणार कोण?" ताई विचारतात, मुलीला काय सांगू?

ताई, हा प्रश्न तुमच्या एकट्या घरातला नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत अशी दोन-चार मुले असतात. म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहीत आहे.

आधी वडिलांचे म्हणणे घेऊ. एकाने एकच कला धरावी, हा विचार आपल्या चळवळीला कधी परवडलाच नाही. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच काळात नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. जलसा म्हणजे काय होते? गाणे होते, वादन होते, नाटक होते, विनोद होता आणि भाषणही होते. तमाशाचा सांगाडा त्यांनी घेतला, पण त्यातल्या शृंगाराला फाटा दिला. त्या जागी मुलांना शाळेत घाला, मेलेल्या ढोराचे मांस टाका, दारू सोडा, गावकीची हलकी कामे सोडा, हा बाबासाहेबांचा संदेश आणला. दहा-बारा माणसांचा संच. त्यात पद रचणारा वेगळा, चाल लावणारा वेगळा, सोंग काढणारा वेगळा अशी चैन नव्हती. जो गाई तोच पात्र होई आणि गरज पडली तर तोच साडी नेसून बाईची भूमिका करी. समोरची माणसे बहुतेक निरक्षर होती. वर्तमानपत्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते, पण जलसा पोहोचत होता. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण चळवळीतली जुनी माणसे सांगत आली आहेत.

तुमच्या जिल्ह्यातल्या संगमनेरला लागून सिन्नर तालुका आहे. तिथल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. १९२२ चा त्यांचा जन्म. मुंबईत गिरणीत राबले, अक्षरओळख झाली ती मोठेपणी, आणि पुढे हजारो गाणी लिहिली. स्वतः लिहायचे, स्वतः चाल बांधायची, स्वतः गायचे. २००४ साली ते गेले, तरी आजही एकही जयंती त्यांच्या गाण्याशिवाय पार पडत नाही. अण्णाभाऊ साठे घ्या. शाळेचे तोंड जेमतेम दीड दिवस पाहिलेला हा माणूस १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात उभा राहिला. पोवाडा, लोकनाट्य, कथा, कादंबरी, प्रवासवर्णन, काहीच त्यांनी परके मानले नाही. आपली 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. आणि तुमच्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार. नोकरी सांभाळून १९७४ साली 'कोंडवाडा' हा कवितासंग्रह दिला, १९७८ साली 'बलुतं' हे आत्मकथन दिले. डॉ. जब्बार पटेल यांच्या बाबासाहेबांवरील चित्रपटाच्या पटकथेलाही त्यांचा हात लागला. कविता, आत्मकथन, चित्रपट. एकच काहीतरी धर, असे त्यांना कुणी बजावले असते तर आपले केवढे नुकसान झाले असते!

तरीही वडिलांचे बोलणे अगदीच टाकाऊ नाही. चार ठिकाणी हात घालायचा आणि कुठेच घाम गाळायचा नाही, याला कला म्हणत नाहीत, हौस म्हणतात. म्हणून मुलीला सांगा, मुळाशी एक धर. समजा ती ढोलकी आहे. तिचा रियाज रोज, निदान अर्धा तास. बाकीच्या कला तिच्या सोबतीला असू देत. त्या एकमेकींना मदतच करतात. हाताला ठेका ठाऊक असला की लिहिलेल्या गाण्याची ओळ लंगडत नाही. गाथा स्पष्ट म्हणायची सवय असली की नाटकातला संवाद शेवटच्या रांगेपर्यंत जातो. चित्र काढणारी मुलगी माणूस निरखून पाहते, मग तिला भूमिका नीट करता येते. आणि दहावीचे वर्ष तोंडावर आहे, हे तिने विसरू नये. अभ्यासाला प्रतिष्ठा न देणारी कला बाबासाहेबांना मान्य झाली नसती.

आता सासूबाईंचे. ताई, त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्या भीतीला इतिहास आहे. संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा. आपल्याच समाजातली ही मुलगी पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली आणि तमाशाच्या बोर्डावर अफाट गाजली. टाळ्या मिळाल्या, दौलतजादा झाला, पण बाईला आणि तिच्या जातीला मान मिळाला नाही. लोक कला पाहत आणि तिच्याआडून बाईवर नजर ठेवत. बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी हकीकत सांगतात. आपल्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. ज्या पिढीने हे ऐकले, सोसले, ती पिढी नातीच्या हातात ढोलकी पाहून दचकणारच.

पण नीट पाहा. बाबासाहेबांचा विरोध ढोलकीला असता तर जलशाला त्यांनी जवळ केलेच नसते. वाद्य तेच होते. फरक होता तो वाजवायचे कुणासाठी आणि कशासाठी यात. तिकडे पैसा फेकणारा ठरवी की काय गायचे. इकडे गाणारा ठरवी. तिकडे बाई ही बघण्याची वस्तू होती. तुमची लेक विहारात, चार बायांच्या सोबतीने, स्वतः लिहिलेल्या गाण्याला ठेका धरते, तेव्हा तिचे नाते जलशाशी आहे. जलशात बाईची सोंगे पुरुषांना घ्यावी लागत. आज आपली मुलगी आपल्याच नावाने तिथे बसते, यात मान खाली घालण्यासारखे काय आहे?

आणि आणखी एक करा. एखाद्या संध्याकाळी सासूबाईंना विचारा, जात्यावरच्या ओव्या किती येतात? त्यात भीमाच्या, रमाईच्या किती? शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. गी पॉयतवें आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा झाल्या. त्या रचणाऱ्या बायका कुठल्या शाळेत काव्य शिकल्या नव्हत्या. दळता दळता त्या कवीही होत्या आणि गायिकाही होत्या. तेव्हा ढोलकी नको म्हणणाऱ्या सासूबाई स्वतःच कलावंत निघण्याचा संभव फार आहे! नातीला त्यांच्यासमोर वही घेऊन बसवा. आजीची ओवी नातीने उतरून घ्यावी, चाल आजीकडून शिकावी आणि हळूच ठेका धरावा. घरातला निम्मा वाद तिथेच मिटेल.

राहिला डीजेचा प्रश्न. जयंती हा आपला सर्वांत मोठा सण, तो दणक्यात व्हावा असे तरुणांना वाटते, यात गैर नाही. पण हिशेब करा. पाळीवर राबणाऱ्या माणसाने पगारातून काढून दिलेली वर्गणी एका रात्रीच्या आवाजात जाते. छाती हादरते, तान्ही मुले दचकतात, म्हाताऱ्यांच्या कानांत दडे बसतात. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे, तेव्हा पोलिसांचा खटला मागे लागतो तो वेगळाच. आणि सकाळी वस्तीत काय उरते? एक गाणे नवे झाले का? एक मूल बोलायला शिकले का? १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीस यांच्या 'युगयात्रा' नाटकाचा प्रयोग बाबासाहेबांच्या समक्ष झाला. पुढच्याच वर्षी धम्मदीक्षेच्या वेळी ते नागपुरातही झाले. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या सोहळ्याजवळ ज्यांना नाटकाला जागा द्यावीशी वाटली, त्यांच्या जयंतीत आपल्या मुलांच्या नाटकाला अर्धा तास मिळू नये?

मंडळाशी भांडू नका. त्यांच्यापुढे काम ठेवा. रविवारच्या वंदनेनंतर विहारात दोन तास मुलांना द्यायचे. ज्याला जे येते ते त्याने शिकवायचे. पहिली पाळी करून आलेला कुणी हलगी वाजवत असेल, कुणी कारखान्यात रंगकाम करत असेल, तोच नाटकाचा पडदा रंगवील. शिवणकाम करणारी ताई पोशाख शिवील. वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतेच. त्यातलाच अंगुलिमालाचा किंवा पटाचाराचा प्रसंग मुलांनी बसवावा आणि आश्विन पौर्णिमेला करून दाखवावा. वस्तीत झालेली सारी गाणी, ओव्या, संवाद एका जाड वहीत उतरून ती वही विहारात ठेवावी. खाली रचणाऱ्याचे नाव आणि तारीख जरूर घालावी. आपल्या कितीतरी शाहिरांची पदे नाव न लिहिल्यामुळे हरवली किंवा दुसऱ्याच्या नावावर गेली. आणि जयंतीच्या वर्गणीतला चौथा हिस्सा आधीच बाजूला काढून त्यातून ढोलकी, हार्मोनियम, रंग आणि पुस्तके घ्यावीत. ही वाद्ये कुणा एकाच्या घरी न राहता विहारात राहावीत, म्हणजे ज्या घरी ती घ्यायची ऐपत नाही त्या घरच्या मुलाचाही हात त्यांवर बसेल.

हे सारे सुरळीत होईल असे नाही. कोणी रुसेल, कोणाला मुख्य भूमिका हवी असेल, परीक्षेच्या दिवसांत मुले येणार नाहीत. तरी दहातली चार टिकली तरी पुष्कळ. कर्डकांच्या जलशातही दिवसा कष्ट करून रात्री उभी राहणारी साधी माणसेच होती.

तेव्हा ताई, मुलीला एवढेच सांगा. ढोलकीही वाजव, वहीही लिही. फक्त एकटी वाजवू नकोस. वस्तीतल्या आणखी चार पोरींना शेजारी बसव. एकट्या मुलीची कला तिच्या लग्नापर्यंत टिकते. चौघींची झाली की ती वस्तीची होते, आणि वस्तीची कला कुणाला सहज बंद पाडता येत नाही.

जयभीम!