तीन वर्षांच्या याद्या मांडा, मग होकार द्या

ऑगस्टची पहिली तारीख आली की माझा फोन वाजायला लागतो. अमेरिकेत अकरावीत पाऊल ठेवणाऱ्या बेसबॉल खेळाडूशी पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांचे कोच त्या दिवसापासून थेट बोलू शकतात. त्याआधी बोलायला इथल्या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची, म्हणजे एनसीएएची, २०२३ पासून मनाई आहे. मी मूळची नाशिकची. टेक्सासमधल्या एका विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासाची सल्लागार म्हणून काम करते. त्यामुळे डॅलस, ह्यूस्टन, न्यू जर्सी इथल्या मराठी घरांतून कुणाच्या तरी ओळखीने फोन येतातच. "ताई, कोचचा फोन आला होता. पन्नास टक्के स्कॉलरशिप देतो म्हणाला. हो म्हणून टाकू का?"

मी त्यांना एकच सांगते. त्या संघाच्या गेल्या तीन वर्षांच्या खेळाडूंच्या याद्या काढा, शेजारी शेजारी ठेवा, आणि वाचून झाल्यावर मला परत फोन करा.

आपली मुलं या खेळात पुढे येताहेत याचा मला मनापासून आनंद आहे. भारतीय वंशाच्या आईचा मुलगा कुमार रॉकर व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून खेळला. २०१९ मध्ये ड्यूकविरुद्ध त्याने एकही हिट न देता १९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं आणि त्याच वर्षी ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अर्जुन निम्मला तर कॉलेजला गेलाच नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला शब्द दिलेला असतानाही २०२३ मध्ये टोरांटो ब्लू जेजने पहिल्याच फेरीत निवडल्यावर तो थेट व्यावसायिक खेळात उतरला. ही नावं आता आपल्या मंडळांच्या गणपतीतही ऐकू येतात. पण मुलाचं पुढचं पाऊल ठरवायला त्या नावांचा उपयोग नाही. हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळणारी मुलं पाच लाखांच्या आसपास आहेत, आणि एनसीएएच्या तिन्ही श्रेणी धरून जागा आहेत त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. जागा मिळाली तरी ती टिकेलच याची खात्री नसते, आणि माझं सगळं काम त्या टिकण्याशी आहे.

गेल्या दोन वर्षांत नियम इतके बदलले की ज्या काकांचा मुलगा २०१९ मध्ये खेळला, त्यांचा सल्ला आज चालत नाही. तेव्हा पहिल्या श्रेणीच्या संघाला जास्तीत जास्त ११.७ स्कॉलरशिप देता येत, त्याही २७ मुलांत वाटून, प्रत्येकाला किमान पंचवीस टक्के. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाऊस खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली. जी कॉलेजं त्यात सामील झाली त्यांच्यासाठी ही मर्यादा गेली, आणि तिच्या जागी संघात ३४ पेक्षा जास्त मुलं ठेवायची नाहीत असा नियम आला. कागदावर आता चौतिसाच्या चौतीस मुलांना पूर्ण स्कॉलरशिप मिळू शकते. प्रत्यक्षात बेसबॉलसाठी तेवढा पैसा बाजूला काढणारी कॉलेजं फार थोडी आहेत. बहुतेकांच्या वाट्याला आजही एखादा हिस्साच येतो आणि उरलेली फी घरातून जाते. दुसऱ्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ असेल तर ती फी भलतीच मोठी असते.

त्यापेक्षा मोठी गोष्ट चौतिसाच्या आकड्यात आहे. पूर्वी एखादा बारीक अंगाचा अठरा वर्षांचा मुलगा वर्षभर बाकावर बसायचा, व्यायामशाळेत अंग कमवायचा आणि दुसऱ्या वर्षी मैदानात उतरायचा. त्याच्यासाठी संघात जागा असे. आता कोचला प्रत्येक जागा मोजून वापरावी लागते. त्यात २०२४ पासून खेळाडूंना हवं तितक्या वेळा कॉलेज बदलता येतं, फक्त अभ्यास नीट चालू हवा. ट्रान्स्फर पोर्टल नावाच्या यादीत नाव घातलं की इतर कोच फोन करू शकतात. मग दोन वर्षं कॉलेजात खेळून तयार झालेला बावीस वर्षांचा पिचर मिळत असताना कोच हायस्कूलमधून आलेल्या पोराला का वाढवेल? कोच दुष्ट असतात असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांची नोकरी विजयावर अवलंबून असते आणि ते त्या नोकरीच्या हिशेबाने वागतात. आईबापांनी हे मनात पक्कं धरायला हवं.

म्हणून याद्या. गेल्या हिवाळ्यात मूळच्या सांगलीच्या एक बाई मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मुलगा डावखुरा पिचर, सहा फूट दोन इंच, अभ्यासात चोख. जेवणं झाल्यावर त्याने तीन वर्षांच्या याद्या टेबलावर पसरल्या. कॉलेजांच्या वेबसाइटवर जुन्या याद्या सहसा तशाच ठेवलेल्या असतात, फुकट मिळतात. मी त्याला लाल पेन दिलं. पहिल्या यादीत प्रथम वर्षाची अकरा मुलं होती. दुसऱ्या वर्षीच्या यादीत त्यातली पाच सापडली, तिसऱ्या वर्षी दोन. मग मी त्याला नावांपुढचा शेवटचा रकाना वाचायला सांगितला. तिथे गावाबरोबर खेळाडूची आधीची शाळा लिहिलेली असते, आणि आधीचं कॉलेज असेल तर तेही. ताज्या यादीत निम्म्याहून जास्त नावांपुढे दुसऱ्या कॉलेजचं नाव होतं. मुलगा बराच वेळ बोटाने ओळी मोजत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, डावखुरे सात आहेत."

आईला वाटत होतं कोचने इतकं कौतुक केलं म्हणजे जागा नक्की. मुलाला त्या सात नावांतून बरोबर कळलं. त्याने कोचला सरळ लिहिलं, या सातांपैकी पुढच्या वर्षी किती जण असतील आणि माझ्याआधी कोण कोण पिच करेल? याचं उत्तर चांगला कोच देतो. या कोचने दिलं नाही.

तोंडी होकाराला, ज्याला इथे 'कमिट' म्हणतात आणि ज्याचे फोटो लगेच सोशल मीडियावर लागतात, त्याला कायद्याचं कसलंही बळ नाही, दोन्ही बाजूंनी. पूर्वी ज्यावर सही व्हायची ते 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' ऑक्टोबर २०२४ मध्ये बंदच झालं. आता बारावीच्या नोव्हेंबरात सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर. तो एका वर्षाचा आहे की चार वर्षांचा, दुखापत झाली तर काय, संघातून काढलं तर पैसे सुरू राहतात का, हे सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचावं. वकील असलेला एखादा नातेवाईक असेल तर त्याला दाखवावं. लाजायचं काही कारण नाही.

आता माझ्या रोजच्या कामाबद्दल. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत संघ ५६ सामने खेळतो. शुक्रवार, शनिवार, रविवार एकाच संघाविरुद्ध तीन सामने, आणि मधल्या मंगळवारी किंवा बुधवारी आणखी एक. बाहेरगावचा मंगळवारचा सामना म्हणजे दुपारी बस, रात्री सामना, पहाटे परत, आणि सकाळी आठला वर्ग. नियम सांगतो की हंगामात आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त सराव-सामने नकोत. पण सामन्याचा दिवस तीनच तासांचा धरतात, मग तो सहा तास चालो, आणि बसमधले तास तर मोजतच नाहीत. मी मुलांची वेळापत्रकं बनवते तेव्हा माझ्यापुढे खरे तास असतात. इंजिनिअरिंगची प्रयोगशाळा दुपारी दोन ते पाच, सराव अडीचला. हे जुळवताना माझा जीव मेटाकुटीला येतो. कित्येकदा मुलाला लॅब उन्हाळ्यावर ढकलावी लागते आणि उन्हाळ्यात त्याला दुसऱ्या गावी लाकडी बॅटच्या लीगमध्ये खेळायला पाठवलेलं असतं.

आपल्या घरांत संगणकशास्त्र, बायोमेडिकल, प्री-मेड याशिवाय बोलणं नसतं. म्हणून मी आग्रहाने सांगते, भेटीला गेलात की कोचला विचारण्याआधी माझ्यासारख्या सल्लागाराला विचारा: आज या संघात आमच्या मुलाला हव्या असलेल्या विषयाचं शिक्षण घेणारी किती मुलं आहेत? एकही नसेल, तर पहिला मान आपल्या मुलाला मिळेल अशी आशा धरू नका. पदवीकडची प्रगतीही नियमाने मोजली जाते. दुसऱ्या वर्षाअखेर चाळीस टक्के, तिसऱ्याअखेर साठ, चौथ्याअखेर ऐंशी टक्के अभ्यासक्रम पूर्ण हवा. कॉलेज बदललं की जुनी क्रेडिट्स नव्या पदवीत बसतीलच असं नाही. मग टक्केवारी राखण्यासाठी मुलगा आवडीचा विषय सोडून, बसेल तो विषय घेतो. असे किती फॉर्म माझ्या सहीने गेलेत, आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटलं आहे.

कोपराचं दुखणंही गृहीत धरा. टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर पिचरला परतायला वर्ष-दीड वर्ष लागतं. खुद्द रॉकरला मेट्स या व्यावसायिक संघाने २०२१ मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडलं आणि वैद्यकीय तपासणीनंतर करार केला नाही. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं म्हणून गाडी रुळावर आली. सगळ्यांची येत नाही.

मराठी आईबापांचा एक आग्रह मला पटत नाही: पहिली श्रेणी नाही तर काहीच नाही. तिसऱ्या श्रेणीत खेळाची स्कॉलरशिप नसते हे खरं, पण एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, एमरी त्याच श्रेणीत खेळतात. तिथे मुलाचं शिक्षणाचं गणित बसतं आणि मैदानावर उतरायची शक्यताही चांगली असते. आणि बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजचं नाव काढलं की आपल्या पार्ट्यांमध्ये चेहरे पडतात. अल्बर्ट पुहोल्स मिसुरीतल्या अशाच एका कॉलेजातून आला. ब्राइस हार्पर २०१० मध्ये सदर्न नेव्हाडाच्या ज्युनिअर कॉलेजातून सगळ्या देशात पहिला निवडला गेला. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेल्या मुलाला ड्राफ्टसाठी, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीसाठी, तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. ज्युनिअर कॉलेजच्या मुलाला तशी अट नाही.

कॉलेजांकडे माझी एक मागणी आहे. आज प्रत्येक संघाचा पदवी मिळवण्याचा दर एनसीएए प्रसिद्ध करते आणि तो बहुतेक ठिकाणी झकास दिसतो. पण अभ्यास नीट चालू असताना कॉलेज सोडून गेलेला खेळाडू त्या दराच्या हिशेबातून वगळला जातो. संघात जागा नाही म्हणून नोव्हेंबरात बोलावून ज्याला दुसरं कॉलेज शोध असं सांगितलं, तो मुलगा आकड्यातून नाहीसा होतो. ज्या आईबापांना नेमकी त्याचीच माहिती हवी, त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही. प्रत्येक कोचच्या नावापुढे दरवर्षी तीन आकडे छापले जावेत: प्रथम वर्षाला किती मुलं घेतली, तिसऱ्या वर्षी त्यातली किती उरली, आणि त्याच कॉलेजातून किती जणांनी पदवी घेतली. ही माहिती प्रत्येक विद्यापीठात आहे, माझ्या ऑफिसातही आहे. ती बाहेर येईपर्यंत संघाची वेबसाइट उघडा, वर्ष मागे न्या आणि प्रिंट काढा.